पंचविसावा प्रश्न

"एवढं सगळं होऊनही ही माणसं समाधानी कशी असतात हो?" असं कुणी अपंग माणसांबद्दल कौतुकाने विचारलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण आमचं आयुष्य वाईटच असणार हे त्याने विचारायच्या आधीच ठरवून टाकलेलं असतं.

मी पोलिओची. डाव्या पायात कॅलिपर, हातात कुबडी. नोकरी हिशेबाची, पण सुट्टीच्या दिवशी एका अभ्यासासाठी बार्शी तालुक्यातल्या गावांमध्ये मुलाखती घ्यायला जाते. मणक्याला मार बसून कमरेखालचं अंग गेलेल्या माणसांच्या. सोबत असते जागतिक आरोग्य संघटनेची डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ नावाची प्रश्नावली. मूळची मोठी प्रश्नावली नव्वदच्या दशकात वेगवेगळ्या देशांतल्या केंद्रांनी मिळून तयार केली, त्यांत दिल्ली आणि मद्रासही होती. ही तिची छोटी आवृत्ती. प्रश्न २६, प्रत्येकाला पाच पर्याय, आणि उत्तर गेल्या दोन आठवड्यांचा विचार करून द्यायचं. शरीर, मन, नातीगोती आणि भोवतालची परिस्थिती अशा चार भागांचे वेगवेगळे गुण निघतात.

मला ती आवडते, कारण ती माणसालाच विचारते. आमची सवय अपंगत्वाच्या सर्टिफिकेटची. "किती टक्के?" हाच पहिला प्रश्न. ४० टक्के किंवा त्यावर असाल तर सवलती, खाली असाल तर परत जा. डॉक्टर सांधे बघतात, स्नायूंची ताकद बघतात, आणि आकडा लिहितात. घरात संडास कुठे आहे, दुकानाला किती पायऱ्या आहेत, याचा त्या आकड्याशी काही संबंध नसतो. एकच ८० टक्के एकीकडे शिक्षकाची नोकरी करत असतात, दुसरीकडे खाटेवर पडून असतात.

समाधानाबद्दल बोलायचं तर १९९९ साली अमेरिकेत अल्ब्रेख्त आणि देवलीगर या दोन संशोधकांनी गंभीर अपंगत्व असलेल्या माणसांशी बोलून एक लेख लिहिला. त्यांतल्या ५४ टक्के लोकांनी आपलं जगणं चांगलं किंवा उत्तम असल्याचं सांगितलं. जग चकित झालं, आणि या गोष्टीला 'अपंगत्वाचा विरोधाभास' असं नाव पडलं. मला त्यात विरोधाभास दिसत नाही. माणूस नवी पद्धत शिकतो, कामाला लागतो, पोरंबाळं वाढवतो. तो आपलं आयुष्य आतून बघतो, बाकीचे बाहेरून.

या बाहेरून बघण्याचे परिणाम मोठे आहेत. ईक्यू-५डी नावाचं दुसरं एक माप आहे. कुठल्या उपचारावर किती पैसा खर्च करावा हे ठरवायला बऱ्याच देशांत ते वापरतात. त्यात चालणं, स्वतःची कामं, रोजचे व्यवहार, वेदना आणि चिंता-नैराश्य अशा पाच बाजू असतात. कुठली अवस्था किती मोलाची हे बहुतेक वेळा सर्वसामान्य लोकांना कल्पना करायला लावून ठरवतात. पूर्ण आरोग्य म्हणजे १, मृत्यू म्हणजे ०, आणि काही अवस्थांना शून्याच्याही खालचे आकडे मिळतात. म्हणजे मरणापेक्षा वाईट. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या ओळखीच्या कितीतरी माणसांचे चेहरे डोळ्यांसमोर आले.

आमच्या प्रश्नावलीतही खाचखळगे आहेत. एक बाई आहेत, शिवणकाम करतात. मशीनला मोटर बसवलीय, तिचं पॅडल पायाऐवजी कोपराने दाबून चालवतात. पूर्वी त्यांना लघवीसाठी कायमची नळी होती, सारखा ताप यायचा, घराबाहेर पडणं बंदच. आता दर चार-पाच तासांनी स्वतःच नळी घालून लघवी काढून घेतात. पर्समध्ये नळ्या, साबण, पाण्याची बाटली. लग्नाला जातात, बाजाराला जातात. चौथा प्रश्न असा की रोजचे व्यवहार चालावेत म्हणून औषधोपचारांची कितपत गरज लागते. त्या म्हणाल्या, "लई लागते की. नळीबिगर कसं व्हायचं?" या प्रश्नाचे गुण उलटे मोजतात. गरज जास्त तितके गुण कमी. ज्या नळीने त्यांना घराबाहेर काढलं, तिनेच त्यांचे गुण खाली ओढले. एसएफ-३६ या दुसऱ्या प्रश्नावलीत तर थेट मैलभर चालता येतं का, जिने चढता येतात का, असं विचारतात. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस रोज चार मैल जात असला तरी उत्तर 'नाही'च. काही संशोधकांनी 'चालणं' काढून 'जाणं' घालून बघितलं, ते मला पटतं.

आणि खोलीत कोण बसलंय, हे तर सगळ्यात महत्त्वाचं. एकविसावा प्रश्न लैंगिक आयुष्याबद्दल आहे. मुलाखत घेणारे बरेच जण तो गाळूनच टाकतात, जणू आम्हाला तो लागूच नाही. मी गाळत नाही. पण सासू दारात बसून शेंगा सोलत असताना कुठली बाई खरं बोलेल? विसावा प्रश्न नात्यांचा. तोही जिच्या हातून जेवायचं त्या भावजयीसमोर कसा विचारायचा? मी सरळ म्हणते, "मावशी, जरा चहा टाकता का? तोवर आमचं बोलणं होऊन जाईल." माणसं एकटी असली की उत्तरं हमखास बदलतात.

तीच माणसं भोवतालच्या परिस्थितीच्या प्रश्नांवर येतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. पैसा पुरतो का, दवाखाना गाठता येतो का, आणि पंचविसावा, प्रवासाच्या सोयीबद्दल समाधानी आहात का. एरवी पाचपैकी चार-पाच देणारा माणूस इथे एकावर बोट ठेवतो. एक तरुण मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, हसतमुख, आयुष्यात अर्थ आहे का म्हटलं की "पुरेपूर" म्हणतो. बसचं विचारल्यावर म्हणाला, "ताई, तिकिटात सवलत आहे. पण चढवणार कोण? चार जणांनी उचलून आत टाकायचं, पोत्यासारखं. त्यापरीस नको." म्हणून मला एकूण गुणांची सरासरी काढलेली आवडत नाही. मनाचे चांगले गुण पुढे करून "बघा, मजेत आहेत" म्हणायचं आणि रस्त्याचा, संडासाचा, बसचा खर्च टाळायचा, हे सरासरीमुळे सहज जमतं. याच प्रश्नावलीला अपंगत्वासाठी १३ प्रश्नांची पुरवणी आहे. आपले निर्णय आपण घेता का, लोक अन्यायाने वागतात का, पुढे आपलं काय होईल याची काळजी वाटते का, असे प्रश्न. आम्हीही ती जोडली पाहिजे, असं मी अभ्यासाच्या प्रमुखांच्या मागेच लागले आहे.

दुकानवाल्या तरुणाने मात्र वेगळंच काम लावलंय. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो. त्याच्या गावात त्यातून थोडे थोडे पैसे वाटतात आणि विषय संपतो. त्याचं म्हणणं, भोवतालच्या परिस्थितीचे गुण तेवढे कागदावर काढून द्या, नावं नकोत, मी १ मेच्या ग्रामसभेत वाचतो आणि आरोग्य उपकेंद्राच्या दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी उतार मागतो. अभ्यासाच्या प्रमुखांनी होकार दिलाय. त्याने सरपंचांना आधीच सांगून ठेवलंय की सभा वरच्या मजल्यावर नको, देवळाच्या मंडपात घ्या, तिथे पायऱ्या नाहीत.