बाली मैनेची एक जोडी जुळवायला आम्हाला दीड वर्ष लागलं

मी मूळची साताऱ्याची, गेली काही वर्षं इंग्लंडमधल्या एका लहानशा झूमध्ये पक्ष्यांची कीपर आहे. दुर्मिळ पक्षी आहेत, अंडी घालतायत, पिल्लं होतायत, मग अजून काय पाहिजे असं घरचे नेहमी विचारतात, त्यांच्यासाठीच हे सगळं लिहून काढतेय.

बाली मैना ही आपल्या साळुंकीच्याच कुळातली, पण अख्खी पांढरीशुभ्र, डोळ्याभोवती निळी कातडी, पंखांची आणि शेपटीची टोकं काळी आणि डोक्यावर लांब तुरा. फक्त बाली बेटावरची. पिंजऱ्यात पाळायला लोकांनी ती इतकी पकडली की २००१ च्या सुमाराला जंगलात अवघ्या सहा उरल्या होत्या, आणि त्याआधी १९९९ मध्ये तिथल्या ब्रीडिंग सेंटरवर हत्यारं घेऊन दरोडा पडला, सोडण्यासाठी वाढवलेले जवळपास सगळे पक्षी चोरीला गेले. त्यामुळे झूमधल्या मैनांवर खरंच खूप काही अवलंबून आहे.

पण झूमधल्या मैना मुळात जंगलातून आणलेल्या थोड्याच पक्ष्यांची लेकरं-नातवंडं, त्यामुळे कोण कोणाचं काय लागतं ते आधी बघावं लागतं. सगळ्यांची वंशावळ एका स्टडबुकमध्ये असते, त्यावरून दोन पक्ष्यांमधलं नातं आकड्यात काढतात, सख्खे भाऊबहीण ०.२५, सावत्र ०.१२५, मामेभाऊ-आतेबहीण ०.०६२५ असं. मग प्रत्येक पक्ष्याचं बाकी सगळ्यांशी असलेल्या नात्याचं सरासरी काढायचं, त्याला मीन किनशिप म्हणतात. ज्याचा आकडा कमी त्याचे नातेवाईक कमी, म्हणजे त्याच्याकडचे जीन्स दुसऱ्या कोणाकडे फारसे नाहीत, तो गेला की तेही गेले. म्हणून पिल्लं आधी त्याची हवीत.

हे मला कागदावर कळत होतं, पण कोणाची पिल्लं काढायची आणि कोणाची नाही याची त्या वर्षीची शिफारस आली तेव्हा पोटात गोळाच आला. आमची पायात लाल-पिवळ्या ओळखीच्या रिंगा असलेली जोडी, दरवर्षी दोन-दोन वेळा पिल्लं काढणारी, तिच्यापुढे लिहिलं होतं की आता ब्रीडिंग नको. त्यांची भावंडं आणि पोरं आधीच बऱ्याच झूंमध्ये आहेत. नुसती अंडी काढून घेतली तर मादी पुन्हा घालते आणि तिच्या अंगातलं कॅल्शियम कमी होत जातं, म्हणून खरी अंडी उचलून प्लास्टिकची ठेवायची. निळसर-हिरवी, हातात घेतली तर अजून गरम असलेली ती अंडी मी पहिल्यांदा उचलली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आणि ती मादी आठवडाभर त्या प्लास्टिकवर निष्ठेने बसली होती.

ब्रीडिंग करायचं होतं ते आमच्या निळीचं. निळ्या रिंगेची नऊ वर्षांची मादी, कायम मागच्या फांदीवर गप्प बसलेली, आजवर एक अंडं नाही. तिचा आकडा आमच्याकडच्या सगळ्यांत कमी. तिच्यासाठी दुसऱ्या झूमधला एक नर सुचवला होता.

मी कागदपत्रं भरायला घेतली आणि तिच्या जुन्या नोंदी मागवल्या. ती जिथे जन्मली तिथल्या रजिस्टरमध्ये वडिलांच्या रकान्यात एक नंबर आणि पुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह, कारण तेव्हा त्या एव्हिअरीत, म्हणजे पक्ष्यांच्या मोठ्या पिंजऱ्यात, दोन नर होते. कॉम्प्युटरवर चढवताना ते प्रश्नचिन्ह कधीतरी गळून गेलं. मी हे स्टडबुक सांभाळणाऱ्या बाईंना कळवलं, त्या म्हणाल्या आत्ताच थांब, नर आणू नकोस. निळीचं नुकतं उपटलेलं पीस आणि त्या दोन्ही नरांचे साठवलेले नमुने डीएनएसाठी लॅबला गेले. रिपोर्ट यायला सात आठवडे लागले. बाप दुसराच नर निघाला, आणि आम्ही जो नर आणणार होतो तो त्याचाच मुलगा! म्हणजे सावत्र भावाबहिणीची जोडी लावली असती आणि कागदावर ती एकदम छान दिसली असती. निळीचा नवीन आकडा मात्र तरीही कमीच आला.

मग सगळं पहिल्यापासून. ब्रेक्झिटनंतर युरोपातून पक्षी आणायचा तर कागदपत्रं फार वाढलीत, म्हणून ब्रिटनमध्येच शोधलं आणि वेल्समधून एक नर मिळाला. तीस दिवस क्वारंटाइन, विष्ठेच्या तीन तपासण्या, कारण बाली मैनेच्या पिल्लांना कॉक्सिडियाचा, म्हणजे आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींचा त्रास फार होतो. खाण्यात लोह कमी असलेलं फीड, संत्र-मोसंबी अजिबात नाही, मैनांच्या लिव्हरमध्ये लोह साठतं आणि सी व्हिटॅमिनने ते अजून शोषलं जातं.

मधे जाळी ठेवून दोघांना शेजारी ठेवलं. तो तुरा फुलवून वरखाली माना डोलवायचा, ही पाठ फिरवून बसायची. तीन आठवड्यांनी जाळी काढली तर त्याने तिला अशी पिटाळली की अर्ध्या तासात पुन्हा वेगळं करावं लागलं. पुढच्या वसंतात उलटं केलं, दोघांनाही नवीन अशा एव्हिअरीत आधी तिला सोडलं, तिला जागा आपली वाटू दिली, घरट्यासाठी दोन पेट्या लावल्या आणि पाच दिवसांनी त्याला आत घेतलं. या वेळी काडी घेऊन पेटीत पहिली ती शिरली.

पहिली तीन अंडी फोल. दुसऱ्या खेपेला दोन, त्यातलं एक चौदाव्या दिवशी फुटलं. दिवसभर किडे पुरवत होतो आम्ही, नर चोचीत तीन-तीन नाकतोडे धरून पेटीत जायचा.

नवव्या दिवशी रिंग घातली. बंद रिंग असते, पाय मोठा झाला की चढत नाही आणि लवकर घातली तर गळून पडते. पुढची तीन बोटं एकत्र धरून त्यावरून सरकवायची, मग मागचं बोट हळूच सोडवून घ्यायचं. पिल्लू तळहातावर गरम, नुकत्या फुटलेल्या पिसांच्या नळ्या टोचत होत्या. मी नंबर मोठ्याने वाचला, सहकाऱ्याने परत वाचला, मग लिहिला. आई निळी, आणि वडिलांच्या रकान्यात नुसता नंबर, पुढे काही नाही.