बैठक: सोलमधलं लाकूड आणि देबुदोची काच

"आधी खाली बसा. मग खिडकीबाहेर पाहा."

दक्षिण कोरियाची राजधानी सोल, तिथल्या सोंगबुक-दोंग भागातल्या कोरिया फर्निचर म्युझियममध्ये वाटाड्या बाईंनी आमच्या छोट्या गटाला सांगितलेलं हे वाक्य पुढचे चार दिवस माझ्याबरोबर फिरलं. तिथे आधी नाव नोंदवून, गटानेच जावं लागतं. पायातलं बाहेर काढायचं, फोटो काढायचे नाहीत. मी आधी उभ्यानेच डोकावले होते तेव्हा खिडकीत नुसती अंगणातली माती दिसली. मांडी घालून बसले, तर समोरच्या हानोकची, म्हणजे पारंपरिक कोरियन घराची, कौलं, त्यावर वाकलेली पाइनची फांदी आणि मागचा डोंगर, सगळं नेमकं त्या चौकटीत आलं. खिडकी बसलेल्या माणसासाठी होती!

मग खोलीतलं सगळंच उलगडत गेलं. ओन्दोल म्हणजे जमिनीखालून उष्णता खेळवण्याची कोरियन पद्धत. कडाक्याच्या थंडीत घरातली सगळ्यात उबदार जागा म्हणजे जमीन. म्हणून माणूस जमिनीवर जेवणार, लिहिणार, झोपणार, आणि फर्निचरही त्याच उंचीचं होणार. बांदाजी नावाच्या पेटीचं झाकण वरून उघडत नाही. पुढच्या फळीचा वरचा अर्धा भाग पुढे उतरतो, म्हणजे बसल्या बसल्या आतले कपडे काढता येतात. वरचा भाग मोकळा राहतो, त्यावर अंथरुणाच्या घड्या रचायच्या.

माझे वडील सुतारकाम करायचे, त्यामुळे माझी नजर आधी सांध्यांवर जाते. जोसॉन या जुन्या राजवटीच्या काळातल्या या कपाटांत खिळा जवळजवळ नाही. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं. चौकटीतली फळी मात्र खाचेत सैल सोडलेली असते, तिला चिकटवत नाहीत. पावसाळ्यात आपल्याकडे दारं अडकतात ना, तेच कारण. कोरियात उन्हाळा दमट, आणि हिवाळा कोरडा, त्यात खालून तापलेली जमीन. फळी फुगणार आणि आकसणार. तिला हलायला जागा ठेवली नाही तर ती चिरते. एका कपाटाच्या दारांवर काळ्या नक्षीची, पर्सिमन या फळझाडाच्या लाकडाची फळी होती. एकच फळी मधून चिरून दोन पानं शेजारी उघडली होती, त्यामुळे काळी रेघ डावी-उजवीकडे आरशासारखी उमटलेली. रंग नाही की कोरीवकाम नाही, झाडानेच काढलेलं चित्र. मी त्यासमोरून हलेना, तेव्हा वाटाड्या बाई हसून थांबल्या.

पण माझं मन खरं अडकलं ते साबांग-थाकजापाशी. चार बारीक खांब, मध्ये काही फळ्या, चारही बाजू उघड्या. पुरुषांच्या अभ्यासाच्या खोलीत पुस्तकं आणि एखादं पांढरं भांडं ठेवायला असायचं हे. फर्निचर म्हणावं इतकं लाकूडच त्यात नाही. जागा अडवायची नाही, अशी जणू त्याने शपथ घेतली आहे.

दुसऱ्या दिवशी आनगुक स्टेशनजवळच्या सोल म्युझियम ऑफ क्राफ्ट आर्टला गेले. मुलींच्या जुन्या शाळेच्या इमारती सांभाळून 2021 मध्ये हे उघडलं; त्याआधी याच जागेवर राजघराण्याची लग्नं व्हायची तो वाडा होता. आवारात सुमारे 400 वर्षांचं गिंकोचं झाड आहे. इथली बसायची ठिकाणंसुद्धा कारागिरांची कामं आहेत. अंगणात चोई ब्योंग-हून यांची दगडी आसनं आहेत. 1952 सालचा जन्म, होंगिक विद्यापीठात अनेक वर्षं शिकवलं, आणि फर्निचरला शिल्पाच्या शेजारी नेऊन बसवलं. ह्यूस्टनच्या कला संग्रहालयाबाहेरही त्यांची बेसॉल्टची आसनं आहेत. सह्याद्रीतल्या माणसाला बेसॉल्टचं काय कौतुक, असं मला आधी वाटलं होतं. पण अंगणातल्या दगडावर बसल्यावर हात आपोआप फिरत राहिला. आसन इतकं ठेंगणं, की टेकलं की पाय पसरतातच.

तिथून जवळच बुकचोनमधल्या एका दुकानात डिझायनर हा जी-हून (‘हा’ हे त्यांचं आडनाव) यांचं सोबान पाहिलं. सोबान म्हणजे एका माणसापुरतं जेवणाचं बुटकं टेबल. स्वयंपाकघरात त्यावर ताट वाढून, दोन्ही हातांनी उचलून थेट खोलीत नेऊन ठेवायचं. म्हणून त्याची रुंदी खांद्यांच्या बेताची आणि वजन हलकं. गिंकोचं लाकूड त्यासाठी नावाजलेलं. आपला चौरंग डोळ्यांपुढे येतोच, पण चौरंग एका जागी ठाण मांडतो, सोबान चालतं-फिरतं. पायही पाहण्यासारखे: वाघाच्या पायाच्या घाटाचं सोबान असतं, त्याचा पाय वर बाहेर फुगतो आणि खाली येताना टोकाशी पुन्हा किंचित बाहेर वळतो. हा जी-हून यांनी तेच सोबान पारदर्शक पॉलिकार्बोनेटमध्ये केलं आहे. दुकानदार मावशींनी ते उन्हात सरकवलं. टेबल जवळजवळ नाहीसं झालं आणि जमिनीवर त्याची सावली तेवढी उरली, कडेला उजेडाची एक पांढरी रेघ. साबांग-थाकजाने लाकूड कमी करत करत जे साधलं, ते इथे प्लॅस्टिकने साधलं होतं. जुन्या वस्तूंच्या नकला मी खूप पाहिल्या आहेत. या माणसाने नुसता आकार उचलला नव्हता, जुन्याची बैठकच उचलली होती. मला हे फार मोलाचं वाटतं.

आणि तिथूनच काचेचं वेड लागलं.

योंगसानच्या राष्ट्रीय संग्रहालयात ग्योंगजू शहरातल्या ह्वांगनाम-दे-छोंग या सिल्ला राजवटीच्या थडग्यात सापडलेला काचेचा एक सुरईवजा चंबू आहे, पाचव्या शतकातला. फिकट हिरवट अंग, तोंड पक्ष्याच्या चोचीसारखं, मानेभोवती निळ्या काचेचे बारीक धागे. पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने, कुठल्या कुठे प्रवास करून आलेला. त्याचा निळा कान कधीतरी तुटला, तेव्हा तो सोन्याच्या तारेने गुंडाळून जोडला. काच जोडायला सोनं! त्या काळी तिथे यातलं काय जास्त मौल्यवान होतं, ते ती तार सांगते.

काचेला कोरियनमध्ये युरी म्हणतात. हा शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर चिनी भाषेतून तिथे पोचला, आणि चिनीत गेला तो आपल्याकडच्या वेळुरिय, म्हणजे वैडूर्य या शब्दावरून. भैषज्यगुरू, म्हणजे रोग बरे करणाऱ्या बुद्धाच्या कोरियन नावात अजूनही हे युरी आहे, वैडूर्याच्या प्रभेचा बुद्ध म्हणून. हे कळल्यावर मी काचेच्या पेटीसमोर वैडूर्य, वेळुरिय, युरी असं दोन-तीनदा पुटपुटले.

शेवटचा दिवस देबुदो बेटाचा. ओइदोहून बस समुद्रातल्या लांबलचक बांधावरून जाते. वाटेत सिहवाचं भरती-ओहोटीवर चालणारं 254 मेगावॅटचं वीजकेंद्र लागतं. बेटावर युरीसॉम, म्हणजे काचेचं बेट, नावाचं संग्रहालय आहे आणि तिथे काच फुंकताना समोर बसून पाहता येते.

भट्टीत वितळलेली काच हजार अंशांच्या वर असते. कारागिराने लोखंडी नळीच्या टोकावर मधासारखा गोळा गुंडाळला. नळी फिरवणं एक क्षणही थांबत नाही, थांबलं की गोळा एका अंगाला ओघळतो. मग ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी तळहातावर घेऊन त्याने तो पेटता गोळा त्यात अलगद घोळवला. मध्ये फक्त कागद आणि वाफ! जळक्या कागदाचा वास आमच्यापर्यंत आला. फुंकर, पुन्हा भट्टी, पुन्हा फुंकर. रंग नारिंगीवरून उतरत गेला आणि आत अडकलेला निळा हळूहळू वर आला. चिमट्याने कड ओढली, पाकळी झाली.

फुलदाणी झाली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण तो आमच्याकडे न पाहता, जाड हातमोज्यात ती धरून पलीकडच्या दुसऱ्या भट्टीकडे निघाला होता. काच बाहेरून आधी गार होते, आतून नंतर. घाई केली तर तो ताण तिच्या अंगात राहतो आणि ती एखाद्या दिवशी आपोआप तडकते. लाकडाला जागा द्यावी लागते तसा काचेला वेळ. भट्टीचं दार लावून त्याने तापमानाचा आकडा तपासला, पाचशेच्या आसपास होता. उद्या सकाळी काढणार, म्हणाला. माझं विमान रात्रीचं होतं.