आरएसीसाठी नावं देण्याआधी

पीएच.डी.ला प्रवेश झाला, गाइड ठरले, की विभागातून निरोप येतो: आरएसीसाठी, म्हणजे संशोधन सल्लागार समितीसाठी, नावं कळवा. ती बहुतेकदा पाच मिनिटांत ठरतात. शेजारच्या केबिनमधल्या मॅडम, नाहीतर विभागप्रमुख, म्हणजे सह्यांना अडचण नको. पण याच माणसांसमोर पुढची किमान तीन वर्षं दर सत्राला उभं राहायचं असतं.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमावलीत प्रत्येक संशोधकासाठी अशी समिती सांगितली आहे. गाइड तिचे निमंत्रक. प्रस्ताव तपासून विषय पक्का करणं, अभ्यासाची पद्धत आणि कोर्सवर्कचे विषय ठरवायला मदत करणं, दर सत्राचा अहवाल आणि सादरीकरण पाहणं ही तिची कामं. सदस्य किती आणि बाहेरचा कोणी हवा का, हे मात्र विद्यापीठानुसार बदलतं, म्हणून आपल्या विद्यापीठाचा अध्यादेश आधी वाचा. आरआरसीशी गल्लत करू नका. ती विद्यापीठाची विषयवार समिती, तिच्यापुढे अनेकांचे प्रस्ताव येतात. आरएसी तुमच्या एकट्याच्या कामासाठी असते.

नाव ठरवताना एकच प्रश्न विचारावा: माझ्या गाइडना जे येत नाही, ते कोणाला येतं?

समजा विषय बीडच्या ऊसतोड कामगारांच्या कर्जाचा आहे आणि गाइड अर्थशास्त्राचे आहेत. बाकीचे सदस्यही अर्थशास्त्राचेच घेतले तर बैठकीत व्याजदरावर उत्तम चर्चा होईल. पण नमुन्यातलं एकक व्यक्ती धरायचं की कोयता, हे विचारणार कोण? मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाते ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. व्यक्ती मोजल्या तर एकच कर्ज दोनदा मोजलं जाईल. म्हणून इथे एक सदस्य संख्याशास्त्राचा हवा आणि दुसरा असा, ज्यानं तांड्यावर किंवा कामगारांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) बसून मुलाखती घेतल्या आहेत. ही चूक दुसऱ्या सत्रात कळली तर प्रश्नावली बदलता येते. पाचव्या सत्रात कळली तर पुढच्या गळीत हंगामाची वाट पाहावी लागते, म्हणजे वर्ष गेलं.

पहिल्या बैठकीची तारीखही याच हिशेबानं धरावी. दसऱ्यानंतर माणसं गाव सोडायला लागतात, त्यामुळे प्रश्नावलीवर समितीची नजर सप्टेंबरातच पडायला हवी. 'सगळ्यांना सोयीचा दिवस' शोधत डिसेंबर उजाडला, तर गावातली घरं बंद मिळतात. प्रयोगशाळेतल्या कामाला हंगाम नसतो, पण उपकरणाची खरेदी आणि नैतिकता समितीची मंजुरी असतेच. त्याही आधी समिती बसलेली बरी.

सदस्य निवृत्त कधी होणार, हे विचारायला संकोच वाटतो, तरी विचारावं. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली असतील तर गाइडना नवा विद्यार्थी घेता येत नाही. तोच हिशेब सदस्यांना लावणं शहाणपणाचं. गाइडशी ज्यांचं बोलणं बंद आहे अशांना घेऊ नये. त्या भांडणाची किंमत विद्यार्थी मोजतो. गाइडच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारा सदस्यही तितकाच निरुपयोगी.

नावं सुचवतात गाइड, तेव्हा विद्यार्थ्यानं थेट नाव घेण्यापेक्षा गरज मांडावी: 'सर, सॅम्पलिंगचं बघायला संख्याशास्त्र विभागातलं कोणी असेल तर बरं होईल.' यावर सहसा कोणी दुखावत नाही.

बैठकीच्या आठ-दहा दिवस आधी चार पानांचा अहवाल सगळ्यांच्या हातात असावा: मागच्या वेळी काय सांगितलं होतं, त्यातलं काय झालं, काय अडलं. आणि इतिवृत्तात नुसतं 'काम समाधानकारक' लिहून घेऊ नका. 'नमुना कोयता-निहाय घ्यावा, मार्चपर्यंत मुलाखती पूर्ण कराव्यात' अशी वाक्यं हवीत, तारीख आणि सह्यांसकट. शिफारशींची प्रत विद्यार्थ्याला देणं नियमातच आहे, ती मागून घ्या. प्रगती असमाधानकारक ठरली तर समितीनं कारणं नोंदवून उपाय सुचवायचे असतात आणि तेही न झाल्यास ती नोंदणी रद्द करण्याची शिफारस करू शकते. अशा वेळी तुमच्याकडे मागच्या बैठकांचे कागद असायलाच हवेत. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) असणाऱ्यांना तर दोन वर्षांनी एसआरएफच्या, म्हणजे वरिष्ठ शिष्यवृत्तीच्या, मूल्यमापनाला बाहेरच्या तज्ज्ञापुढे बसताना हीच फाइल उपयोगी पडते.

मधेच एखाद्या सदस्याची बदली झाली तर त्यांच्या जागी दुसरं नाव लेखी मंजूर करून घ्या. तोंडी ठरलेल्या सदस्याच्या सहीवर प्री-सबमिशनच्या, म्हणजे प्रबंध देण्याआधीच्या सादरीकरणाच्या, वेळी हरकत येऊ शकते.