सरांनी मला स्कोअर लिहायला बसवलं

शाळेच्या अमृत महोत्सवाची स्मरणिका निघतेय, तू पण लिही, असा समितीतल्या ताईंचा मेसेज आला तेव्हा आमची टीमची बस रस्त्यात होती आणि पुढचे दोन-तीन तास मी आपल्या पी.टी.च्या सरांचाच विचार करत बसलो. शाळेबद्दल, बाकीच्या सर-बाईंबद्दल, स्नेहसंमेलनाबद्दल इतर लोक लिहितीलच. मी सरांबद्दल लिहितो, कारण आज मी बास्केटबॉलमध्ये जो काही गार्ड, म्हणजे बॉल आणून टीमला खेळवणारा, आहे तो त्यांच्यामुळे आहे.

सर मूळचे खो-खोचे, हे सगळ्यांना माहितीच आहे. बास्केटबॉल ते नियमांचं पुस्तक वाचून शिकले आणि शाळा सुटली की लूना काढून इंदौरच्या रेसकोर्स रोडवरच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर जायचे, तिथे मोठ्या पोरांच्या मॅच बघायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्यावर ते सगळं करून बघायचे. ड्रिबल करताना, म्हणजे बॉल टप्पे मारत नेताना, बॉलकडे बघायचं नाही, हे प्रत्येक कोच सांगतो, पण सर रिंगखाली नई दुनिया पेपर उघडून उभे राहायचे आणि मला हाफ लाइनपासून ड्रिबल करत यायचं आणि हेडलाइन मोठ्यानं वाचायची. आधी मोठी, मग त्याखालची बारीक, मग डावा हात. एक शब्द चुकला की "ऊपर देख, ऊपर!" आणि परत हाफ लाइन. सर घरच्यासारखं मराठी बोलायचे पण कोर्टवर उतरले की हिंदीच, कारण निम्मी टीम हिंदीवाली होती आणि कोणाला वेगळं वाटू नये हा त्यांचा आग्रह होता.

मला मुख्य सांगायचंय ते नववीतलं. शाळेकडे आंतरशालेय स्पर्धा होती, बारा जणांची टीम अकरावी-बारावीच्या दादा लोकांनीच भरलेली, माझं नाव नाही. मी तोंड पाडून पायरीवर बसलो होतो तर सरांनी स्टाफ रूममधलं लाकडी टेबल आम्हा दोघा-तिघांकडून उचलवून कोर्टच्या कडेला ठेवलं, मला खुर्चीवर बसवलं, हातात एक लाल आणि एक निळा पेन दिला आणि म्हणाले, "आता सगळ्या मॅच तू लिहिणार." ज्यांनी स्कोअरशीट बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेननं लिहायचा, दुसरा आणि चौथा निळ्यानं. बास्केट झाली की रनिंग स्कोअरच्या, म्हणजे टीमच्या वाढत जाणाऱ्या एकूण पॉइंटच्या, आकड्यावर तिरपी रेघ आणि शेजारी टाकणाऱ्याचा नंबर, फ्री थ्रो असेल तर आकड्यावर भरीव ठिपका, थ्री पॉइंटर, म्हणजे लांबून टाकलेली तीन पॉइंटची बास्केट, असेल तर प्लेअरच्या नंबरभोवती गोल. फाउल कोणाचा, कितवा, टीमचे किती झाले, चारच्या वर गेले की समोरच्यांना दोन फ्री थ्रो. हे सगळं चालू मॅचमध्ये, रेफरी बोटांनी नंबर दाखवतोय, पब्लिक ओरडतंय आणि आपल्याला मान खाली घालून चालत नाही कारण तेवढ्यात बास्केट होऊन जाते.

प्रत्येक मॅच संपली की सर ती शीट घ्यायचे, पाठीमागे लपवायचे आणि विचारायचे, "सात नंबरचे किती फाउल? तिसऱ्या क्वार्टरला कोण टाकत होतं? ते शेवटचे सहा पॉइंट लागोपाठ कोणाचे?" मी सांगायचो. हळूहळू असं झालं की शीट न बघताही मला मॅच पाठ असायची. बारा जणांत नाव नसल्याचं दुःख तिसऱ्या दिवशी मी विसरलो होतो, हे आईला अजून आठवतं.

त्याचं फळ दोन वर्षांनी मिळालं. राज्यस्तरीय शालेय स्पर्धेत मी आपल्या इंदौर संभागाच्या टीममध्ये होतो, सर मॅनेजर म्हणून आले होते, समोर जबलपूर. त्यांचा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा, भयंकर उंच, प्रत्येक रिबाउंड, म्हणजे शॉट हुकून परत आलेला बॉल, त्याचाच. चौथा क्वार्टर लागला तेव्हा माझ्या डोक्यात आपोआप हिशोब चालू होता की याचे चार फाउल झालेत, पाचवा झाला की बाहेर. मग मी शूट करायचं सोडून दिलं आणि बॉल घेऊन सरळ त्याच्या अंगावरच शिरायला लागलो, दोनदा त्यानं हात मागे घेतला, तिसऱ्यांदा माझ्या मनगटावर बसला. शिट्टी. तो बेंचवर गेला आणि त्यानंतर रिबाउंड आमचे झाले, मॅच आमची झाली. सगळे येऊन मिठ्या मारत होते आणि सर मात्र पाण्याची बाटली पुढे करत एवढंच म्हणाले, "लाल पेन की निळा?" मी म्हटलं, "निळा, सर." असे हसले ना सर!

माझी उंची घरात सगळ्यांना काळजीची वाटायची. २०१५ ला पंजाबच्या सतनाम सिंगला डॅलस मॅवरिक्सनं ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे प्लेअर निवडतात त्यात, घेतलं, अमेरिकेच्या एनबीए लीगच्या ड्राफ्टमध्ये घेतला गेलेला पहिला भारतीय, सात फुटांच्या वर उंच, तेव्हा शाळेत जो तो भिंतीला पाठ लावून उंची मोजत होता. सरांनी मला बाजूला घेऊन वाराणसीच्या विशेष भृगुवंशीबद्दल सांगितलं. तो गार्ड. २०१४ ला वुहानला आपण चीनला चीनमध्येच ६५-५८ हरवलं त्या टीममधला. पुढे २०१७ ला ऑस्ट्रेलियाच्या ॲडलेड थर्टीसिक्सर्सनं त्याला करारावर घेतलं तेव्हा मी शाळेतून बाहेर पडलो होतो, तरी सरांचा फोन आला, "वाचलंस?" २०२० च्या अर्जुन पुरस्कारांत त्याचं नाव आलं तेव्हाही पुन्हा तेच.

आता मी प्रो लीग खेळतो. आपल्याकडे यूबीए ही बास्केटबॉलची प्रो लीग २०१५ ला सुरू झाली ती काही सीझन चालून थांबली, मग २०२२ ला इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग आली आणि माझ्यासारख्या पोरांना दार उघडलं. सीझन छोटा असतो त्यामुळे बरेच प्लेअर रेल्वे, ओएनजीसी, सर्व्हिसेस अशा टीमांतूनही खेळतात, पण करारावर सही करून पैसे घेऊन बास्केटबॉल खेळणं ही गोष्ट आमच्या पिढीला मिळाली, याचा मला फार अभिमान आहे. आठ सेकंदांत बॉल हाफ लाइनपलीकडे न्यायचा, चोवीस सेकंदांत शॉट व्हायला हवा, आणि त्यात कोणाला बॉल द्यायचा हे पॉइंट गार्डनं ठरवायचं. व्हिडिओवाला प्रत्येक मॅचच्या क्लिप फोनवर पाठवतो, मी त्या बघतो आणि तरी वहीत लाल-निळ्या पेननं समोरच्या टीमचे फाउल लिहून ठेवतो, आमचे कोच विचारतात हे कुठे शिकलास, मी सरांचं नाव सांगतो.

मागच्या दिवाळीत शाळेत गेलो होतो. कोर्टच्या अर्ध्या भागावर पेव्हर ब्लॉक बसलेत, तिथे गाड्या उभ्या राहतात, एका बाजूची रिंग वाकलीय आणि जाळी तर नाहीच. नववी-दहावीला खेळाचा तास आता नावालाच आहे असं पोरं म्हणाली. मला फार वाईट वाटलं, आणि हे स्मरणिकेत लिहायचं नसतं हे माहीत असूनही लिहितोय, कारण ज्या कोर्टवर सर उन्हात पेपर धरून उभे राहिले ते असं व्हायला नको होतं.

समितीला माझी विनंती आहे. दोन्ही रिंग आणि बोर्ड मी माझ्या खर्चानं बसवून देतो, रिंग बरोबर ३.०५ मीटरवर, जाळ्यांसकट, फक्त गाड्या दुसरीकडे लावा. महोत्सवात माजी विद्यार्थ्यांची मॅच ठेवणार असाल तर तारीख लवकर कळवा, म्हणजे मला सुट्टी काढता येईल, आणि राजेंद्र नगरहून सरांना घेऊन येण्याची जबाबदारी माझी.