थिनरच्या वासावर यूव्ही आणि टायटॅनिया: टोल्युईनची टेस्ट झाली

मंडळी, मागच्या वेळी अ‍ॅसिटोनपर्यंत आलो होतो, आता टोल्युईन (थिनरमधलं एक मुख्य सॉल्व्हंट) टाकून बघितलं आणि सगळा खेळच बदलला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नवीन लोकांसाठी थोडक्यात: भुसावळला मामेभावाचं फर्निचर पॉलिशचं वर्कशॉप आहे, शटर बंद केलं की थिनरचा वास आतच कोंडतो आणि सकाळपर्यंत जात नाही. तो टायटॅनियम डायऑक्साइड (टायटॅनिया) आणि यूव्हीने (अतिनील प्रकाशाने) मोडायचा, म्हणजे शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणीच उरलं पाहिजे, असं डोक्यात आहे.

टेस्टसाठी 54 लिटरची काचेची फिश टँक आहे, वर काचेचं झाकण आणि कडेने अ‍ॅल्युमिनियम टेप. अ‍ॅक्रिलिकचा डबा मुद्दाम घेतला नाही, ते स्वतःच टोल्युईन पिऊन बसतं. आत कॉम्प्युटरचा फॅन आणि 8 वॅटची ट्यूब, मिठाईच्या दुकानात माशा मारायच्या मशीनमध्ये असते तीच, 365 नॅनोमीटरच्या आसपासची. ऑनलाइन ज्या स्वस्त जांभळ्या एलईडी पट्ट्या मिळतात त्या बहुतेक 395 च्या असतात, त्यावर पैसे घालू नका. अ‍ॅनाटेस म्हणजे टायटॅनियाचा आपल्या कामाचा स्फटिक प्रकार, त्याचा बँडगॅप (त्याला कामाला लावायला लागणारी कमीत कमी ऊर्जा) 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट, 1240 भागिले 3.2 केलं की 387 नॅनोमीटर येतात, त्याच्या वरच्या प्रकाशाने अ‍ॅनाटेस जवळपास हलतच नाही.

पावडर पी25 (टायटॅनियाची तयार मिळणारी बारीक पावडर), साधारण 80 टक्के अ‍ॅनाटेस आणि बाकी रुटाइल, म्हणजे टायटॅनियाचा दुसरा स्फटिक प्रकार. रंगाच्या दुकानातलं पांढरं टायटॅनियम चालेल का असं बरेच जण विचारतात, नाही चालत. ते रुटाइल असतं आणि उन्हात रंगाचं भुस्कट होऊ नये म्हणून कणांवर सिलिका-अ‍ॅल्युमिनाचा थर चढवलेला असतो, म्हणजे आपल्याला जी रिअ‍ॅक्शन हवीय तीच त्यांनी बंद केलेली असते. पावडर एफआरपीवाल्यांच्या फायबर (काचेच्या धाग्याच्या) कापडावर बसवली. कापडावरचं तेलकट कोटिंग ओळखीच्या सोनाराच्या मफल फर्नेसमध्ये 450 डिग्रीला जाळून घेतलं, मग पाण्यात कालवलेल्या पावडरीत बुडवून परत भाजलं. 600 च्या वर जाऊ नका, अ‍ॅनाटेसचं रुटाइल व्हायला लागतं. आणि कोरडी पावडर हाताळताना एन95 मास्क पाहिजेच, एवढे बारीक कण फुफ्फुसात जाणं चांगलं नाही.

आता मेन मुद्दा. वास गेला किंवा एमक्यू-135 या गॅस सेन्सरचा आकडा पडला म्हणजे काम झालं असं बिलकुल धरू नका, कारण लाइट बंद ठेवूनही आकडा पडतो, वाफ नुसती कापडाला चिकटते. शिवाय तो सेन्सर दमटपणाने पण हलतो, आमच्याकडे मे महिन्यात कूलर चालू केला की लगेच फरक दिसतो. म्हणून मी एनडीआयआर (इन्फ्रारेडने मोजणारा) सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, सेन्सर लावलाय (एमएच-झेड19, त्याचं ऑटो कॅलिब्रेशन बंद करून) आणि हिशोब असा: इन्सुलिनच्या यू-100 सिरिंजचं 1 युनिट म्हणजे 10 मायक्रोलिटर, तेवढं टोल्युईन या टँकमध्ये साधारण 43 पीपीएम (दहा लाखात 43 भाग) होतं, आणि एका रेणूत 7 कार्बन, म्हणजे पूर्ण जळालं तर सीओटू 300 पीपीएमने वाढायला पाहिजे. 43 पीपीएम हे पेट घ्यायच्या मर्यादेच्या (1.1 टक्का, म्हणजे 11000 पीपीएम) खूपच खाली आहे, पण याहून जास्त टाकायचा मोह करू नका.

अ‍ॅसिटोनला हा हिशोब छान जुळला होता. टोल्युईनला सुरुवात झकास झाली, मग सीओटूची रेघ वाकली आणि अर्ध्यावर पोचायच्या आतच आडवी झाली. वास मात्र जवळजवळ गेलेला! मामेभाऊ म्हणे, "काय भो, वास गेला ना, मग झालं की." पण झाकण उघडलं तर कुल्फीत टाकतात त्या बदाम इसेन्ससारखा हलका वास आला आणि पांढरं कापड पिवळसर तपकिरी पडलेलं. बदामाचा वास बेंझाल्डिहाइडचा. टोल्युईन अर्धवट ऑक्सिडाइज होऊन बेंझाल्डिहाइड आणि बेंझोइक अ‍ॅसिड बनतं, ते पृष्ठभागाला घट्ट चिकटतं आणि पुढच्या रेणूला जागाच उरत नाही.

यावर उपाय पाण्याचा. हायड्रॉक्सिल रॅडिकल (वाफेचे रेणू मोडणारे अतिक्रियाशील कण) पाण्यापासूनच बनतात आणि आमची उन्हाळ्यातली हवा एकदम कोरडी ठाक, म्हणून टँक मोकळी करून आत ओला स्पंज ठेवला आणि ट्यूब रात्रभर चालू ठेवली. सकाळी कापड बरंच उजळलं होतं, आणि टँकमध्ये काहीही न टाकता सीओटू वाढलेला होता, म्हणजे चिकटलेला माल जळत होता! हे बघून फार भारी वाटलं. पण दमटपणा खूप वाढवला तर पाणीच सगळी जागा अडवतं आणि वेग परत पडतो, तेव्हा आपल्याला मधली पातळी शोधायचीय. पावसाळ्यात वेगळे आकडे येणार हे धरूनच चाललोय.

स्केलचं पण सांगून ठेवतो. ट्यूबमधून 2 वॅट यूव्ही निघतो असं धरलं तर पूर्ण दिवसात जेमतेम अर्धा मोल (रेणू, फोटॉन मोजायचं एकक) फोटॉन मिळतात, आणि 1 लिटर टोल्युईन म्हणजे साडेनऊ मोल, त्यात एका रेणूला अनेक फोटॉन लागतात. त्यामुळे स्प्रे चालू असताना एक्झॉस्ट फॅनच पाहिजे, त्याला पर्याय नाही. हे रात्री उरलेल्या वासासाठी. आणि पेंट रिमूव्हरवाल्यांनी हे करूच नका, त्यात बऱ्याचदा मिथिलीन क्लोराइड असतं, क्लोरीनवाल्या सॉल्व्हंटपासून हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची वाफ आणि फॉस्जीन बनू शकतं.

पुढचं काम म्हणजे कापडाच्या आधी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचा थर, जो दिवसा वाफ धरेल आणि रात्री हळूहळू सोडेल, आणि दोन कापडं, एक कामावर असताना दुसरं ओल्या हवेत साफ होत राहील. टंगस्टन ऑक्साइड मिसळून साध्या निळ्या एलईडीवर कोणी टोल्युईन चालवलं असेल तर सीओटूच्या आकड्यासकट सांगा, नुसता वासाचा अनुभव नको.