दोन सेकंदांचा हेलकावा

माझ्या रेकॉर्ड प्लेअरवर सूर संथपणे वरखाली होतो, त्या हेलकाव्याविषयी मागच्या नोंदीत लिहिले होते; त्याचे मूळ अखेर हाती लागले आहे. मोटरच्या जोरावर प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी) फिरवणारा नवा बेल्ट चढवल्यापासून सरासरी गती नेमकी होती. निऑनच्या दिव्याखाली स्ट्रोब डिस्कवरच्या (गती तपासण्याच्या चकतीवरच्या) १८० रेघा पूर्ण बाजू वाजेपर्यंत सरकत नव्हत्या. (एलईडीच्या उजेडात ही चाचणी भरवशाची नसते; साधा निऑन दिवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतो.) तरीही ख्यालाच्या रेकॉर्डवर तानपुऱ्याचा षड्ज संथपणे वरखाली होत राहिला.

पहिला संशय साहजिकच रेकॉर्डच्या मध्य सोडून पडलेल्या छिद्रावर गेला. छिद्र १ मिलिमीटर सरकलेले असेल, तर केंद्रापासून १० सेंटिमीटरवरच्या खोबणीत गती एक टक्का वरखाली होते आणि आतल्या खोबण्यांत त्याहूनही अधिक. परंतु मिनिटाला ३३ १/३ फेऱ्यांच्या गतीवर एक फेरा १.८ सेकंदांत पुरा होतो, म्हणजे छिद्राचा किंवा प्लॅटरचा दोष दर १.८ सेकंदांनीच परतायला हवा. रेकॉर्डचा आवाज संगणकावर घेऊन ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये स्पेक्ट्रोग्राम (वेळेनुसार स्वरांचा आलेख) उघडून तानपुऱ्याची रेघ मोजली, तेव्हा दोन शिखरांमधले अंतर दोन सेकंदांहून थोडे जास्त भरले. मोटरच्या पुलीचा (बेल्ट ओढणाऱ्या लहान चाकाचा) दोष असता, तर तो दर सेकंदाला अनेकदा उमटला असता. प्लॅटरपेक्षा सावकाश फेरा घेणारी वस्तू या यंत्रात एकच आहे, ती म्हणजे बेल्ट. कारण त्याला प्लॅटरच्या कडेबरोबर पुलीलाही वळसा घालावा लागतो.

बेल्ट उतरवून बोटांतून फिरवला आणि चिकटवलेला जोड लगेच जाणवला. तेथे जाडी ०.१ मिलिमीटरने जरी वाढली, तरी १२ मिलिमीटर व्यासाच्या पुलीवर गती क्षणभर पाऊण टक्क्याच्या आसपास चढते. जड प्लॅटर त्यातला बराच भाग पचवतो, पण उरलेला तानपुऱ्यात ऐकू येतो. विक्रेत्याच्या वर्णनात जोडाचा उल्लेखही नव्हता. माझे स्पष्ट मत आहे की बेल्ट घ्यायचा तो अखंड आणि घासून एकसारख्या जाडीचा केलेलाच घ्यावा, मग तो दुप्पट महाग पडला तरी चालेल.

तसा बेल्ट मागवून चढवला आणि तानपुऱ्याची रेघ सरळ झाली. तो षड्ज मी बराच वेळ नुसता ऐकत बसलो.

आता रेघेत अगदी बारीक हेलकावा उरला आहे. तो बरोबर १.८ सेकंदांचा आहे आणि रेकॉर्ड प्लॅटरवर अर्धा फेरा फिरवून ठेवली की तिच्याबरोबर सरकतो, म्हणजे हा मात्र खरोखर छिद्राचाच दोष. दुर्मिळ रेकॉर्डचे छिद्र मोठे करणे मला मान्य नाही. त्यामुळे मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या रेकॉर्डींकडे वळण्याचा बेत पुढे ढकलून, तानपुऱ्याच्या रेघेवरून गतीचा आलेख काढून त्यानुसार संगणकावर घेतलेल्या ध्वनीत दुरुस्ती करायचे ठरवले आहे. हा आलेख गायकाच्या आवाजावरून काढू नये, नाहीतर दरबारी रागातला आंदोलित (मुद्दाम झुलवलेला) गंधारही सपाट होईल.

हे लिहिताना सुचले की ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डींवरच्या नाट्यगीतांत तानपुरा ऐकू येत नसला, तरी ऑर्गनचा लांबवलेला सूर तेच काम करू शकेल. तेव्हा पुढची चाचणी त्यांवरच घेतो.