एक्सपीवर कोरल ११: द्राक्षपेट्यांची जुनी लेबलं बाहेर काढताना

पेंटियम ४, १ जीबी रॅम, ४० जीबीची आयडीई हार्ड डिस्क, विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३. काकांच्या डीटीपीचं हे मशीन रविवार कारंजावरून घरी आणलं ते मागच्या नोंदीत सांगितलंच आहे. एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि सीमॉसचा (मदरबोर्डवरचा) सेल बदलल्यावर ते गपगुमान चालू आहे, त्यामुळे आता थेट सॉफ्टवेअरवर येते.

निफाड, पिंपळगाव, दिंडोरीकडच्या बागायतदारांसाठी काकांनी द्राक्षपेट्यांची लेबलं केली होती. थॉमसन, सोनाका, शरद, प्रत्येकाचं वेगळं. सगळ्या फाइली .सीडीआर, म्हणजे कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या. ती लेबलं आजच्या इंकस्केपमध्ये (तशाच कामाचं फुकट सॉफ्टवेअर) मराठी मजकुरासकट यायला हवीत, एवढाच खटाटोप.

आधी फाइल कोणत्या कोरलची ते बघायचं. त्यासाठी कोरल लागतच नाही. फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीला रोमन अक्षरांत ‘आरआयएफएफ’, मग चार बाइट कचरा, आणि लगेच ‘सीडीआर९’ दिसलं की ती कोरल ९ ची. शेवटी ९ ऐवजी ए असेल तर १०, बी असेल तर ११, सी म्हणजे १२. एक्स४ पासून (१२ नंतरची आवृत्ती) मात्र फाइल झिपच्या पोटात असते, तिथे सुरुवातीलाच ‘पीके’ दिसतं. काकांच्या बहुतेक फाइली ९ च्या आणि थोड्या ११ च्या निघाल्या. मूळ सीडीसकट कोरल ११ त्यांच्याकडेच होतं, म्हणून तेच टाकलं.

‘एक्सपीवर चालणारं शेवटचं टाक की’ हा सल्ला मला हमखास मिळतो. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला बंद केला, पण ग्राफिक्सवाल्यांनी हात काढून घेतला तो आपापल्या वेळेला. कोरल एक्स६ आणि फोटोशॉप सीएस६ हे २०१२ चे, दोन्ही एक्सपीवर चालणारे शेवटचे. ब्लेंडर २.७६बी पर्यंत, पेंट डॉट नेट ३.५.११ पर्यंत, गिंप २.८ च्या मालिकेपर्यंत, लिबरऑफिस ५.४ पर्यंत. यादी पाठ आहे, पण १ जीबीवर सीएस६ सुरू होणं वेगळं आणि त्यात काम करणं वेगळं. त्याची किमान गरजच १ जीबीची, मग विंडोजने काय खायचं? माझं मत असं की मशीन ज्या सालचं, सॉफ्टवेअर त्याच्या एक-दोन वर्षं मागेपुढेच असावं. २००२ चं कोरल ११ या पेंटियमवर झटक्यात उघडतं.

शेवटच्याच्याही पुढची आवृत्ती टाकायला गेलात तर ‘नॉट अ व्हॅलिड विन३२ ॲप्लिकेशन’ येतं. डाउनलोड खराब आहे असं वाटतं, पण बऱ्याचदा तसं नसतं. ईएक्सईच्या हेडरमध्ये (फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीत) ‘किमान विंडोज ६.०’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे व्हिस्टा. एक्सपी आहे ५.१. हेक्स एडिटरने तो आकडा खाली आणणारे बहाद्दर आपल्यात आहेत, ठाऊक आहे. पण दार उघडलं तरी आत कर्नेल३२ या विंडोजच्या फाइलीची तक्रार उभी राहते, कारण प्रोग्रॅमला गेटटिककाउंट६४ सारखी फंक्शन्स हवी असतात आणि ती आली व्हिस्टापासून. तिथे हेडर बदलून काही होत नाही.

आता मराठी, म्हणजे खरी डोकेदुखी. कोरल ११ ला युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) कळत नाही, ते आलं १२ मध्ये. एक्सपीच्या रीजनल सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण केली (विंडोजची सीडी मागतो, जवळ ठेवा) की नोटपॅडमध्ये मंगल फॉन्ट नीट जुळतो, पण तोच मजकूर कोरल ११ मध्ये पेस्ट केला की ओळीने प्रश्नचिन्हं. काकांचे फॉन्ट जुन्या पद्धतीचे, रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले. म्हणून ते कोरलमध्ये बिनबोभाट दिसतात. टायपिंगच्या सॉफ्टवेअरला डोंगल (मशीनला लावायची किल्ली) लागतो, नुसत्या टीटीएफ म्हणजे फॉन्टच्या फाइलींना लागत नाही.

या फाइली थेट नव्या लॅपटॉपवर इंकस्केपमध्येही उघडून पाहिल्या. आकार येतात, अक्षरांच्या जागी डबे. म्हणून एक्सपीवरच सगळं निवडून कंट्रोल-क्यू, म्हणजे कर्व्ह (अक्षरांचे नुसते आकार), आणि मग पब्लिश टू पीडीएफ. प्रेसवाले ‘कर्व्ह करून आणा’ का म्हणायचे ते इथे कळतं. कर्व्ह केलेली अक्षरं कुठल्याही मशीनवर तशीच राहतात, पण मजकूर म्हणून ती संपतात. म्हणून मूळ फाइलीला हात न लावता कॉपीवरच करते. काकांना फोनवर विचारलं तर म्हणाले, “अगं, ‘प्रेस’ नावाच्या फोल्डरात सगळं कर्व्हच आहे. तू ‘काम’ बघ.” दोन्ही फोल्डर डिस्कवर शेजारी शेजारी निघाले.

रंगांचं जमलेलं नाही. पीडीएफ सीएमवायके (छपाईच्या चार शाया), इंकस्केप आरजीबीत (पडद्याचे रंग) काम करणारं, त्यामुळे द्राक्षाचा पिवळसर हिरवा जरा भडक होतो. नाशिकरोडला १९२५ पासून सिक्युरिटी प्रेस असलेलं आमचं गाव, इथे रंगावरून नाक मुरडणारे घरोघरी. तूर्तास मूळ सीएमवायके आकडे लेबलाच्या नावाने वेगळ्या टेक्स्ट फाइलीत उतरवून ठेवतेय.

‘काम’ मधला मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी छोटी स्क्रिप्ट लिहायला घेतली आहे. नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. ‘निफाड’ मधली पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये न च्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती न च्या नंतर जाते. ‘निर्यात’ मधला रफार जुन्यात या च्याही नंतर बसतो, युनिकोडला र् आधी हवा. वेलांटी जमली. रफार साध्या अक्षरावर जमतो, काना-मात्रा मध्ये आल्या की चुकीच्या अक्षरावर जाऊन बसतो. ज्यांनी असा कन्व्हर्टर केला असेल त्यांनी रफार किती अक्षरं मागे नेला आणि कुठे थांबवला, तेवढं सांगा.